तबकडीचं सोवळं

सोवळं आपल्या घरांतून गेलं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एलपी ऐकणाऱ्या माणसाच्या घरी एकदा जाऊन यावं. पणजीच्या काळात चूल, देवघर आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा एवढाच मुलूख सोवळ्याच्या अमलाखाली होता. इथे दिवाणखान्याचा अख्खा कोपरा असतो. तबकडीच्या खाचांना बोट लावायचं नाही. कडेला दोन्ही तळवे टेकवून ती उचलायची. वाजवण्याआधी तिच्यावरून कार्बन फायबरचा ब्रश फिरवायचा. सुईचा ब्रश वेगळा, आणि तो मागून पुढे न्यायचा. पुढून मागे नेलात की संपलं. तबकड्या एकीवर एक आडव्या ठेवायच्या नाहीत, उन्हात तर नाहीच नाही. पाहुण्यांच्या पोरांना त्या कोपऱ्यात मज्जाव. मोठ्यांना प्रवेश आहे, पण हात पाठीमागे बांधून.

हे सगळं आवाज शुद्ध राहावा म्हणून. 'ॲनालॉग' हा या पंथाचा गुरुमंत्र. सीडी ही भ्रष्ट शाखा, एमपीथ्री म्हणजे ओवळं आणि ब्लूटूथ म्हणजे तर महापातक.

आमचे एक स्नेही या पंथातले. बँकेतून निवृत्त झालेले आणि पुण्यात राहणारे, त्यामुळे मतं पक्की. बुधवार-रविवार जुना बाजार चुकवत नाहीत. मुंबईला लग्नाला गेले तरी अक्षता पडल्या की चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर सापडतात. भीमसेनजी आहेत, किशोरीताई आहेत, शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची 'रागा जॅझ स्टाइल' आहे, आणि 'शोले'च्या संवादांची पॉलिडोरची तबकडीही आहे. ही शेवटची ते कपाटात मागे ठेवतात आणि रात्री एकटे असताना पुढे काढतात.

त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. दिवाळीला त्याने तीन बिनतारी स्पीकर पाठवले: एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत. टर्नटेबल जागचं हलवायचं नाही आणि गाणं घरभर. या योजनेमागे वहिनी असाव्यात असा माझा संशय आहे, कारण त्यांची तक्रार जुनी होती. "यांचं गाणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, आणि माझी हाक यांना दिवाणखान्यात ऐकू येत नाही." पैकी पहिली अडचण दूर झाली.

आता आवाजाचा प्रवास बघा. सुईचं टोक हिऱ्याचं, तबकडीवर तिचा भार साधारण दोन ग्रॅम. खाचेतून जाताना ती थरथरते आणि त्या थरथरीतून जी वीज निघते ती असते पाचेक मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलचा तीनशेवा हिस्सा. त्यात तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि टीप चढवलेली असते. खर्ज आहे तसा कापला तर खाच इतकी हेलकावे खाईल की शेजारच्या खाचेत घुसेल. किती दाबायचं आणि किती चढवायचं, याचं एक प्रमाण अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवून दिलं आणि जग तेच पाळतं. म्हणून मध्ये फोनो प्रीॲम्प नावाची एक डबी लागते. ती दाबलेलं वर काढते, चढवलेलं खाली आणते आणि पाच मिलिव्होल्टांच्या कुजबुजीला चारचौघांत ऐकू जाईल असा आवाज देते.

इथपर्यंत सोवळं शाबूत.

पुढे हा आवाज स्पीकरवाल्यांच्या पेटीत शिरतो. तिथे एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर किंवा त्याहूनही जास्त तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची मोजणी होते, आकडा लिहिला जातो, आकड्यांची पुडकी बांधली जातात आणि ती वाय-फायवरून घरभर सुटतात. त्याच हवेतून शेजारच्या मुलीचा ऑनलाइन क्लास, खालच्या मजल्यावरची क्रिकेटची मॅच आणि सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यातला झोपलेला वॉचमन असं सगळं चाललेलं असतं. त्या गर्दीत अंग चोरत भीमसेनजी स्वयंपाकघरात पोचतात, आणि तिथला स्पीकर त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो.

हे स्नेह्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं.

"म्हणजे एवढा खटाटोप करून तुम्ही शेवटी सीडीच ऐकताय की हो."

"छे! सुरुवात ॲनालॉग आहे ना? मूळ शुद्ध असलं की पुढचं चालतं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सोवळ्यात पळवाटा पहिल्यापासून असतातच. पाण्यात भिजवलेल्या कणकेची पोळी प्रवासात न चालणाऱ्या आमच्या आजीला दुधात भिजवलेल्या दशम्या चालायच्या. गाडी तीच, डबा तोच.

आणि स्नेह्यांना हसण्यातही फारसा अर्थ नाही. मोबाइल फिडेलिटी ही कॅलिफोर्नियातली कंपनी जुन्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांच्या खास आवृत्त्या काढते. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही, अशी तिच्या गिऱ्हाइकांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेपोटी एकेका आवृत्तीला सव्वाशे डॉलर मोजले जात होते. मग मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या चाळीस हजार प्रती काढणार अशी घोषणा झाली, आणि जाणकारांना कोडं पडलं: एवढ्या प्रतींसाठी ती जुनी टेप किती वेळा फिरवणार? २०२२ च्या उन्हाळ्यात फीनिक्स शहरातल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने गौप्यस्फोट केला आणि पाठोपाठ कंपनीच्या तंत्रज्ञांनी कबुली दिली की, मध्ये डिजिटलची पायरी आहे आणि ती बरीच वर्षं आहे. प्रकरण कोर्टात गेलं, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. मधली सगळी वर्षं जगातले तिखट कानांचे लोक त्या तबकड्या ऐकून 'वा, डिजिटलमध्ये ही ऊब कुठली?' असं म्हणत होते. कान बाटला नव्हता. कळल्यावर मन बाटलं.

स्पीकर बिनतारी असले तरी वीज बिनतारी नसते, हे इलेक्ट्रिशियन आल्यावर उघड झालं. पोरगा चुणचुणीत होता. कोपऱ्यात उकिडवा बसून त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "टर्नटेबलला एक. ह्या डबीला एक. ह्या दुसऱ्या पेटीला एक. राउटरला एक. आणि तीन खोल्यांत तीन स्पीकर. काका, सात पॉइंट झाले."

"वायर दिसता कामा नये," स्नेही म्हणाले.

"पट्टी मारून देतो. पण ही कुठली वायर?" त्याने टर्नटेबलच्या मागून निघालेली एक केसाएवढी बारीक वायर चिमटीत धरली.

ती अर्थिंगची. ती लावली नाही तर आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा हुंकार गाण्याखालून सतत चालू राहतो. स्नेही काही दिवस तो तंबोरा समजून ऐकत होते आणि वादकाची तारीफही करत होते. वायर जोडल्यावर तंबोरा गेला. तेव्हापासून ती मैफल त्यांना जरा उघडी वाटते.

खरी गंमत उशिराची. आकड्यांची पुडकी हवेतून जाताना मागेपुढे होतात, म्हणून स्पीकर आधी थोडा साठा करतो आणि मगच वाजायला लागतो. सगळ्या खोल्यांनी एका तालात वाजावं यासाठीही हे थांबणं लागतं. सोनोससारख्या प्रणालीत बाहेरून जोडलेल्या आवाजाला किती थांबवायचं ते निवडता येतं, पंच्याहत्तर मिलिसेकंदांपासून दोन सेकंदांपर्यंत. स्नेह्यांच्या इमारतीच्या भिंती जुन्या, जाड आणि पुणेरी, सहजासहजी कोणाला आत न घेणाऱ्या. त्यामुळे तिथे पूर्ण दोन सेकंद लागले.

दोन सेकंद म्हणजे काय ते हिशेब केल्यावर कळतं. एलपी मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. स्पीकरमधून स्वर बाहेर पडतो तेव्हा तबकडीचा फेरा उलटून सुई पुढच्या फेऱ्याला लागलेली असते. आणि टर्नटेबलचं झाकण उघडून कान जवळ नेला तर सुई स्वतःसुद्धा गात असते, बारीक, पत्र्याच्या आवाजात. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. आधी मुंगीएवढे भीमसेनजी गातात, दोन सेकंदांनी पुऱ्या मापाचे.

स्नेही बसतात टर्नटेबलला खेटून. त्यांना सम आधी सुईकडून कळते. त्यामुळे तान अजून हवेत असतानाच त्यांची मान हलते, हात मांडीवर पडतो, "क्या बात है" निघून जातं आणि मग दोन सेकंदांनी खोलीत सम येते. पहिल्यांदा आलेले पाहुणे हे बघून हबकतात. समेवर दाद देणारे रसिक त्यांनी पाहिलेले असतात. समेच्या आधी दाद देऊन तिची वाट बघत बसणारा त्यांना इथेच भेटतो. सोसायटीत त्यांच्या गाण्यातल्या ज्ञानाबद्दल सध्या जो आदर आहे, त्याचा उगम या दोन सेकंदांत आहे.

उठतानाही तेच. ते हलकेच दांडी उचलतात, सुई जागेवर ठेवतात, झाकण लावतात, आणि गाणं चालूच. एका मावशींनी तर नमस्कार केला.

न्हाणीघरात एक जुना ब्लूटूथ स्पीकर होता, तोही त्यांनी प्रीॲम्पला जोडून टाकला. महापातक, पण न्हाणीघरात. या स्पीकरला थांबायची सवय नाही, त्याचा उशीर सेकंदाच्या अंशातला. परिणामी 'शोले' लागला की गब्बर पहिल्यांदा न्हाणीघरात उगवतो. तिथे त्याची उलटतपासणी सुरू होऊन कालियाला घाम फुटलेला असतो, तेव्हा दिवाणखान्यातला गब्बर नुकताच खडकांवरून बूट वाजवत यायला लागलेला असतो. पॅसेजमध्ये उभं राहिलं की एकाच वेळी दोन गब्बर आणि दोन कालिया ऐकू येतात, आणि माणसं किती हा त्याचा प्रश्न तिथे फारच अवघड होऊन बसतो.

एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. टर्नटेबल साधं असेल तर सुई आपोआप उठत नाही. ती शेवटच्या बंद खाचेत गोल फिरत बसते आणि दर फेऱ्याला 'खट्' करते. एका खोलीत ही खटखट गोड वाटते, आरामखुर्चीतला माणूस उठून बाजू बदलतो. पण आता ती घरभर जाते. एका दुपारी स्नेह्यांचा जेवणानंतर डोळा लागला आणि वहिनी बाहेर गेलेल्या. त्यांच्या ऐंशी पार केलेल्या आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्. आई उठल्या, न्हाणीघरात जाऊन नळ घट्ट केला. खट्. स्वयंपाकघरातला नळ बघितला. खट्. मग त्यांनी बेसिनचा नळ पिळला, मोरीत बादली लावून ठेवली आणि शेवटी मुख्य वाहिनीची चावी बंद करून समाधानाने झोपल्या. संध्याकाळी घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि सगळ्या खोल्यांत गळती चालू होती.

आईंचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. एलपी बनते ती पीव्हीसीच्या घराण्यातल्या प्लॅस्टिकपासून, आणि मोरीतला पाइपही पीव्हीसीचाच. दोघांचं कूळ एकच. एक गाण्यात निघाला, एक पाण्यात राहिला.

हे स्पीकर बोललेलं ऐकतात म्हणे. वहिनींना फोन आला, तेव्हा त्यांनी ओट्यावरच्या स्पीकरला सांगून बघितलं. आधी मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग ऑफिसात वरिष्ठांशी बोलावं तशा इंग्रजीत. तो गप्प झाला. पण गप्प झाला तो स्पीकर. त्याचा अधिकार त्याच्या तोंडापुरताच. दिवाणखान्यात तबकडी फिरतच राहिली, सुई बंद खाचेत घासतच राहिली आणि हे ऐकू न येणारं गाणं रात्रीपर्यंत चाललं. सुईचं आयुष्य पाचशे ते हजार तासांचं धरतात. त्यातले पाच-सहा तास असे निव्वळ मौनात गेले, याचं स्नेह्यांना अजून वाईट वाटतं.

वीज गेली की वेगळा खेळ. इन्व्हर्टरवर टर्नटेबल सोडून बाकी सगळं आहे. मोटर थांबते, पण जड थाळी एकदम थांबत नाही, रेंगाळत फिरते. बाईंचा आवाज षड्जावरून घसरत घसरत बुवांच्या पट्टीत येतो आणि तिथून पाताळात जातो. तिन्ही स्पीकर हे घरंगळणं एकही स्वर न गाळता, पूर्ण निष्ठेने, दोन सेकंद उशिरा ऐकवतात.

घरभर गाणं हवं ही हौस काही नवी नाही. १९५२ पासून पुढे कितीतरी वर्षं बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची, आणि चाळीत एका बिऱ्हाडात रेडिओ असला तरी पुऱ्या मजल्याला ती ऐकू जायची. एकाच वेळी वीस खोल्यांत गाणं, उशीर शून्य, पासवर्ड नाही. सेटिंग एकच होतं: ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्याशी बुधवारपर्यंत भांडण मिटवून टाकायचं.

स्नेह्यांचं म्हणणं वेगळं. "ते सगळं ठीक आहे हो, पण तबकडीतला आवाज म्हणजे अस्सल."

इथे मात्र मला तबकडीचा इतिहास मध्ये आणावा लागतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान ध्वनिमुद्रणाला बसल्या, तेव्हा तासभर फुलणारी चीज तीन मिनिटांत आवरायची होती, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायचं होतं, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि कोण गातंय हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं. त्या तबकड्या लाखेच्या होत्या. लाख म्हणजे झाडाच्या फांदीला चिकटलेल्या किड्याचा स्राव. त्यात दगडाची भुकटी मिसळायची. अशा वस्तूला सोवळ्यात घ्यायला पणजीने सपशेल नकार दिला असता. आणि नकार देणारे गवई होतेच. अनेकांना त्या भोंग्यासमोर गाणं हाच गाण्याचा विटाळ वाटे. अल्लादियाखाँ साहेबांची तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांची नाही. अब्दुल करीमखाँ आणि बालगंधर्व त्या भोंग्यापुढे गायले, म्हणून ते आज जुन्या बाजारात सापडतात आणि स्नेही त्यांना तळव्यांवर झेलत घरी आणतात.

मग १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हायनलची एलपी काढली. मग सीडी आली आणि एलपी अचानक पवित्र झाली. म्हणजे आदल्या पिढीने ज्याला विटाळ म्हटलं, त्याचंच सोवळं पुढची पिढी नेसते, असा हा हिशेब आहे. अधल्यामधल्या पायरीवर आपण उभे असतो आणि आपल्या खालची पायरी आपल्याला नेहमी अस्सल दिसते.

पंथ सध्या जोरात आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडी विकल्या गेल्या सुमारे तीन कोटी तीस लाख आणि तबकड्या चार कोटी दहा लाख. तबकडीने सीडीला मागे टाकलं ते १९८७ नंतर पहिल्यांदाच. मात्र पुढच्याच वर्षी ल्युमिनेट या संस्थेच्या पाहणीत दिसलं की तबकड्या घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांकडे ती वाजवायला यंत्रच नाही. हे खरे कडक सोवळ्यातले. त्यांची तबकडी सुईलासुद्धा शिवत नाही.

त्या मानाने आमचे स्नेही सुधारक म्हणायचे. तबकडी अस्पर्श ठेवतात, पण आवाजाला घरभर कुठेही फिरू देतात. वहिनींना आता ओट्याशी किशोरीताई मिळतात. आई दर वीस मिनिटांनी नळ बघून येतात, त्यामुळे त्यांचे गुडघे मोकळे झालेत. स्नेह्यांनाही व्यायाम आहे, कारण गाणं कुठल्याही खोलीत ऐका, बाजू बदलायला दिवाणखान्यातच पळावं लागतं. एवढी एक गोष्ट वाय-फायवरून होत नाही.

पुढचंही मला दिसतंय. आणखी पन्नास वर्षांनी गाणं थेट कवटीत वाजायला लागेल, उशीर नाही, खरखर नाही, स्पीकरही नाही. तेव्हा यांचाच कोणी पणतू रविवारी जुन्या बाजारात फाटक्या ताडपत्रीवर मांडलेल्या भंगारातून एक पिवळट पडलेला राउटर उचलेल. कडेला दोन्ही तळवे टेकवून तो उलटासुलटा बघेल, धूळ फुंकेल, आणि दुकानदाराला आवाज खाली आणून विचारेल, "दादा, यात ओरिजिनल दोन सेकंद आहेत ना? नाहीतर हल्ली लोक डुप्लिकेट उशीर विकतात."